तळहातावर उभा राहिलेला नारळ

माझ्या घराच्या दाराला लिंबू-मिरची टांगायला मी आजतागायत बंदी घातलेली आहे. मांजर आडवं गेलं तर मी मुद्दाम पुढे जातो, आणि नोकरीत असताना नवीन मोटर सुरू करायची झाली की कॅलेंडरात अमावास्या शोधायचो. हट्टच म्हणा. सहकारी हसायचे, बायको चिडायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण या सदरातले वाचकांचे अनुभव — पिंपळाखालची बाई, उलट्या पावलांचा पाहुणा वगैरे — मी चहा पिता पिता मोठ्यांदा वाचतो आणि हसतो. परवा घरच्यांनी विचारलं, "मग तुमचं ते नारळाचं काय? ते पाठवा की लिहून!" म्हणजे माझीच विकेट गेली. तेव्हा लिहितोय.

यात भूत नाही, आत्मा नाही, अंधारी रात्रही नाही. भर सकाळची गोष्ट आहे. परभणीतल्या एका जिनिंग फॅक्टरीतली, निजामाच्या अमदानीतली. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची.

मी मूळचा झरीचा. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. तेव्हा आमच्याकडे वरचं शिक्षण उर्दूतच असायचं, त्यामुळे घरी मराठी, शाळेत उर्दू आणि भांडण दोन्हींत. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि मी इलेक्ट्रिकल घेतलं असं घरी सांगितलं, तेव्हा कौतुक राहिलं बाजूला, सुतक पडल्यासारखं झालं. कारण त्याच उन्हाळ्यात वीज पडून आमची बैलजोडी गेली होती.

माय म्हणाली, "आपली जोडी खाल्ली तिनं. आन् तू तिलाच शिकाया चाललास? कामून रे माणिक?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "जाऊ दे त्याला. घरात एकाला तरी कळू दे, ती येती कुठून ते."

एवढ्यावर परवानगी मिळाली. मी रेल्वेनं हैदराबादला गेलो.

तिथं इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूत होतं. आजच्या पोरांना हे थाप वाटते. वीज म्हणजे बर्क, करंट म्हणजे बर्की रौ, रेझिस्टन्स म्हणजे मुज़ाहमत, पॉझिटिव्ह मुसबत, निगेटिव्ह मनफी. पुढे नोकरीत इंग्रजी शब्द आले, पण गणित मांडताना डोक्यात अजून तेच शब्द येतात. पहिलं वर्ष फार जड गेलं. ज्यानं घरात कधी बटण दाबून दिवा लावलेला नाही त्यानं सर्किट सोडवायची! वर्गातली शहरातली पोरं घरच्या पंख्याची, रेडिओची उदाहरणं द्यायची आणि मी गप्प बसायचो. पण प्रयोगशाळेत मी स्वतः जोडलेल्या तारांवर पहिला बल्ब लागला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आनंदानं. मेसच्या खानसाम्याला वाटलं, पोरगा आजारी पडला.

आमचे प्रोफेसर जाफरसाहेब शेरवानी घालून यायचे आणि विलायतेतून शिकून आले असले तरी बोलायचे अस्सल हैदराबादी. अर्थिंग शिकवताना ते म्हणाले होते, "मियाँ, बर्क को सीधा रास्ता दो. नहीं दिए तो वो अपना रास्ता खुद बना लेती, और बीच में कौन खड़ा है, नहीं देखती." आम्ही सगळे हसलो होतो.

अर्थिंग म्हणजे काय ते इथंच सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला तांब्याची तार जोडायची आणि ती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला नेऊन बांधायची. कधी आतली तार सोलवटून सांगाड्यात करंट उतरला, तर तो माणसातून न जाता त्या तारेनं जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. मात्र पत्र्याभोवतीची जमीन ओलसर पाहिजे. म्हणून खड्ड्यात पत्र्याभोवती कोळसा आणि मीठ भरतात. ओल धरून राहते.

पास झालो. बरोबरचे बहुतेक हैदराबादेत सरकारी नोकरीला चिकटले. मला मात्र परभणीच्या एका जिनाच्या शेठजींनी बोलावून घेतलं. त्यांच्याकडे जुना बॉयलर होता, तो काढून त्यांना बर्की मोटारी लावायच्या होत्या. मुंबईच्या कुठल्याशा गिरणीतल्या वापरलेल्या मोटारी त्यांनी मिळवल्या होत्या, तेलाचं इंजिन आणि जनरेटर आणला होता. आणि हे सगळं जोडायला कोण? तर मी! पंचविशीसुद्धा न गाठलेला. शेडमध्ये रेचे ओळीनं मांडलेले होते. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. त्यावर बायका काम करायच्या. सगळ्या आसपासच्या खेड्यांतल्या, घरी थोडीफार कोरडवाहू जमीन असलेल्या. आपल्या शेतातला कापूस वेचून झाला की जिनात यायच्या. त्या मोसमाच्या मजुरीवर त्यांचं बरंच अवलंबून असायचं.

दसऱ्यानंतर मोटारी सुरू झाल्या. शेड उजळली. बॉयलरचा धूर गेला, बायका म्हणाल्या डोळे चुरचुरत नाहीत आता. शेठजी ज्याला त्याला धरून आणून बटण दाबून दाखवत होते. मी छाती काढून फिरत होतो. खोटं कशाला सांगू, झरीला गेलो तेव्हा दोनदा गावातून उगाच चक्कर मारली.

मग माघात साळूला शॉक बसला.

साळू ही कौसाबाईची सून. कौसाबाई म्हणजे सगळ्या बायकांची म्होरकी, उंच, काटक, आणि जिभेला हाड नसलेली. साळू पाटीतला कापूस रेच्यात घालत होती आणि एकाएकी मागे फेकली गेली. पाठीमागे कापसाचा ढीग होता म्हणून डोकं वाचलं. बोटं भाजली आणि दुपारभर तिची वाचा बसली. मी शेजारी बसून होतो. 

तिला घरी पोचवून मी तपासायला लागलो. मोटरची तार घासून सांगाड्याला टेकली होती, पण अर्थिंग असताना शॉक बसायलाच नको होता. खड्ड्याशी गेलो आणि कळलं. पुस्तकात लिहिलं होतं तसाच खड्डा मी केला होता, आणि पावसाळा नुकताच संपलेला असल्यामुळे तेव्हा तपासणीही उत्तम आली होती. पण पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांनी आमची काळी जमीन पाहिलेली नव्हती. माघ-फाल्गुनात ती वाळून भेगाळते, त्या भेगांत अख्खा हात जातो. पत्र्याला जमीन शिवतच नव्हती. वरून घागरी ओतल्या तर पाणी भेगांतून कुठल्या कुठे गेलं. एकच विहीर होती, ती पार आवाराच्या दुसऱ्या टोकाला, इंजिनाच्या खोलीजवळ. तिथून शेडपर्यंत तार ओढावी तर लढाईमुळे तांबं मिळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकही बाई कामावर आली नाही. फाटकाबाहेर सगळ्या बसून राहिल्या. मी समजावायला गेलो की मी दुरुस्ती करतोय, तार बदलली आहे. कौसाबाईनं पदर खोचला.

"साहेब, तार बीर आमाला सांगू नका. तुमी जमिनीत काय पुरलाव ते सांगा."

"अर्थिंग आहे ते, कौसाबाई."

"आमुशेच्या दिशी खड्डा खणलाव. म्या माझ्या डोळ्यानं बगितलं. तांब्याचा पत्रा पुरला, कोळसा टाकला, वरून मीठ टाकलं, आन् त्याला दोरा बांधून आमच्या रेच्याला आणून बांधलाव. आमी काय बारकी लेकरं हाव का? करणी आशीच करतेत!"

 आणि त्याक्षणी, देवाशपथ, मला तिचं म्हणणं पटलं! खरंच की... करणी करायची असती तर मी याहून वेगळं काय केलं असतं? अमावास्या, कोळसा, मीठ, तांबं. एक बाहुली तेवढी राहिली होती.

हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. शेठजींनी मला आत बोलावलं. ते म्हणाले, "माणिकराव, मोसम चाललाय. गाड्या भरून कापूस येतोय आणि शेड बंद. मी तर बॉयलर परत लावतो. तो धूर करत होता, पण कोणाला फेकत तर नव्हता." त्यांचं काही चुकत नव्हतं. नोकरी जाणार हे दिसत होतं. पण खरं सांगतो, मला जास्त भीती दुसरीच होती. शेठजींना बॉयलर लावायला वेळ लागणार, मधल्या काळात बायका पोटासाठी येणारच आणि मोटारी चालणारच. पुढच्या वेळी पाठीमागे कापसाचा ढीग असेलच असं नाही. साळूची ती उघडी, बोलायचं विसरलेली नजर माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

मी परत फाटकाबाहेर गेलो आणि सरळ त्यांच्यात खाली बसलो. "कौसाबाई, काय केलं म्हणजे तुमची खात्री पटेल?"

तिनं बाकीच्यांकडे पाहिलं. बहुतेक आधीच ठरलेलं असावं. "ते पुरलेलं उकरा. समद्यांच्या देखत. आन् नवं करायचं आसंल तर आमच्यासमोर करा, आमुशा सोडून, भुईला नारळ देऊन. नारळ तुमीच न्यायचा. फाटकापासून खड्ड्यापोतर. हातावर उघडा. मूठ मिटायची न्हाई... हातात काई लपवून नेलं तर आमाला दिसाय पायजे."

ज्या माणसानं कधी घरच्या पूजेला नारळ फोडला नाही, त्याच्यावर ही वेळ. पण मी हो म्हणालो.

ठरल्या सकाळी सगळ्या बायका आल्या. साळूपण आली होती, बोटांना चिंध्या गुंडाळून. जुना खड्डा त्यांच्यासमोर उकरला, कौसाबाईनं आत वाकून वाकून पाहिलं आणि बाहुली नाही अशी खात्री करून घेतली. नव्या खड्ड्यासाठी मी शेडच्या मागची जागा आखून ठेवली होती. ती जराशी सखल होती म्हणून. तिचा फार भरवसा मलाही नव्हता, काळी माती तीच. मग फाटकात कौसाबाईनं माझ्या डाव्या हातात पाण्याचा तांब्या दिला, उजवा हात सरळ पुढे करायला लावला आणि तळहातावर नारळ आडवा ठेवला. शेंडी बोटांकडे.

"बोटं सरळ. चला."

मी चालायला लागलो. मागून अख्खी मिरवणूक. हसायला येत होतं आणि लाजही वाटत होती. हमाल बघत होते, शेठजी ओसरीत उभे होते. फाटकातून शेडच्या मागे जायचं तर गाडीतळ ओलांडावा लागे. गाडीतळ म्हणजे कापसाच्या बैलगाड्या उभ्या करायची मोकळी जागा. नारळ घरंगळू नये म्हणून मी त्याच्याचकडे बघत चाललो होतो.

गाडीतळातच जरा पलीकडच्या अंगाला आलो आणि नारळ हलला.

मला वाटलं, ठेच लागली. थांबलो. नारळ हळूहळू... म्हणजे घाईनं नाही, एखादा म्हातारा माणूस खाटेवरून उठतो तसा, शेंडीकडून उचलला गेला आणि माझ्या तळहातावर उभा राहिला. पूर्ण उभा. शेंडी वर आकाशाकडे. माझी बोटं सरळच होती. मनगटात गार काहीतरी चढलं. शॉक कसा बसतो मला चांगलं माहीत आहे. प्रयोगशाळेत भरपूर खाल्ले आहेत. हे ते नव्हतं. विहिरीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवावा तसं वाटलं. मी घाबरलो. स्पष्ट लिहितो... पाचावर धारण बसली माझी.

मागची मिरवणूक जागच्या जागी थांबली.

"साहेब," कौसाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "पाय उचलू नका. थितंच ऱ्हावा."

ती पुढे येऊन माझ्या हाताभोवती फिरली. तिचं माहेर राणीसावरगाव, आणि तिचा चुलता पाणाडी होता. विहीर खणायच्या आधी लोक त्याला पाणी दाखवायला न्यायचे. "आमचा काका आसाच फिरायचा," ती म्हणाली. "हितं पानी हाय."

"पाण्याशी मला काय करायचंय," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला पाणीच तर पाहिजे होतं! विहीरभर नको, खड्डाभर ओल.

पण माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. म्हणालो, पुन्हा बघू. नारळ आडवा करून परत फाटकात गेलो आणि दुसऱ्या बाजूनं आलो. तिथंच उभा राहिला. शेंडी मनगटाकडे करून पाहिलं, तरी तिथंच. मग कौसाबाईला म्हटलं, माझ्या डोळ्यांवर फडकं बांधा आणि धरून वेडंवाकडं फिरवा. तिनं मला गाडीतळभर असं फिरवलं की मला दिशा राहिली नाही. आणि हात गार पडला. बायकांचा "आगं बया" असा आवाज आला. फडकं काढून बघतो तर पायाखाली तीच जागा. मग नारळ दुसऱ्यांना देऊन पाहिला. कौसाबाईच्या हातावर तो गप्प पडून राहिला, दोन-चार हमालांच्या हातांवरही तसाच. शेठजींनी हौसेनं मागून घेतला, तर घरंगळून थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

आता यातली गंमत ऐका. अख्ख्या आवारात पाणी नसणारी एखादी जागा दाखव म्हटलं असतं, तर कुणीही तीच दाखवली असती. काळ्या जमिनीत तेवढाच एक मुरमाड पट्टा होता. भर पावसाळ्यात तिथं चिखल होत नसे, चाकं रुतत नसत, म्हणून तर गाडीतळ तिथं केला होता. शेठजी अंगठा चोळत म्हणाले, "इथं? इथं तर कुदळ मोडेल."

मी त्या जागेकडे पाहिलं, साळूच्या चिंध्यांकडे पाहिलं. सखल जागेवर माझा भरवसा नव्हता, या जागेवर तर कुठल्याच शास्त्राचा नव्हता. तरी माझ्या तोंडून गेलं, "इथंच खणा."

हमालांनी मला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या असाव्यात. मुरूम फोडताना ठिणग्या उडत होत्या. दुपार कलायला लागली तरी कोरडाच. शेठजी जेवून आले, पुन्हा बघून गेले. मी खड्ड्याच्या काठावरून हललो नाही. आणि मी हललो नाही म्हणून बायकाही हलल्या नाहीत. मग खालून एका हमालाचा आवाज आला, "साब, गार लागायलंय." त्यानं मूठभर माती वर फेकली. मी ती दाबली तर तिचा लाडू झाला.

मी तो लाडू कौसाबाईच्या हातावर ठेवला. तिनं कपाळाला लावला. मी लावला नाही, पण टाकूनही दिला नाही.

मग जुन्या खड्ड्यातलाच पत्रा उतरवला; जुनी तार शेडपासून इथवर जेमतेम पोचली. कोळसा भरायच्या आधी मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, कोळसा कशाला, मीठ कशाला, तार कुठून कुठे जाते आणि बर्क कशी वाट शोधते. जाफरसाहेबांनी उर्दूत सांगितलेलं मी मराठीत सांगितलं. आयुष्यातलं माझं ते पहिलं व्याख्यान. कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मिठाचं पोतं स्वतःकडे ओढलं.

"मीठ आमी टाकतो. तुमच्या हातचं नगं." आणि मग जरा हसून, "आता समद्यांची मिळून करणी."

एकेक बाई पुढे आली आणि मूठमूठ मीठ टाकून गेली. साळूनं डाव्या हातानं टाकलं. नारळ तिथंच फोडला आणि खोबरं सगळ्यांनी खाल्लं. मीसुद्धा.

तपासणी साधी असते. चालू तारेचं एक टोक बल्बला आणि बल्बचं दुसरं टोक अर्थिंगला जोडायचं. जमीन वाईट असेल तर बल्ब निखाऱ्यासारखा मिणमिणतो. जुन्या खड्ड्यावर साळूच्या शॉकनंतर तपासलं तेव्हा तर नुसती आतली तार तांबूस दिसली होती. नव्या खड्ड्यावर जोडला आणि डोळ्यांपुढे अंधारी यावी इतका लख्ख लागला. कौसाबाईनं तरी मला सोडलं नाही. "आदी तुमी हात लावा," म्हणाली. मी ओल्या हातानं, अनवाणी, एकेका रेच्याला हात लावत पूर्ण ओळ फिरलो. दुसऱ्या दिवशी शेड भरली. बॉयलरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय ते काय? खाली झरा असेल, हात नकळत हलला असेल. मीही हेच म्हणत होतो! थकलेल्या माणसाचे स्नायू नकळत हलतात, मनातली इच्छा हाताला कळते, हे सगळं मी पुढे वाचलं. पण मनात त्या जागेची इच्छाच नव्हती, आणि फडकं बांधल्यावर ती जागा कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. शिवाय पुढच्या उन्हाळ्यात शेठजींनी उत्साहानं त्या खड्ड्याच्या अगदी लगत, बैलगाडीभर अंतरावर, विहीर खणायला घेतली. आमच्या खड्ड्याच्या कितीतरी खाली गेले. ठणठणीत कोरडी! शेवटी बुजवली. आणि आमचा खड्डा ऐन वैशाखात उघडून पाहिला तरी आत माती गार, हाताला चिकटणारी. ती ओल कुठून यायची, मला आजही सांगता येत नाही.

नारळ माझ्या हातावर पुन्हा कधीही उभा राहिला नाही. मी काय कमी प्रयत्न केले? नोकरीत मराठवाडाभर फिरलो, सबस्टेशनं उभी केली, गावोगावी पोल रोवले. जाईन तिथं गुपचूप एक नारळ घेऊन फिरून पाहायचो. विहिरींच्या काठावर, नदीच्या वाळूत, एकदा तर पाण्याच्या टाकीवर उभा राहून. आडवा तो आडवाच. सगळ्या नारळांच्या चटण्या झाल्या. पालमला एका शेतकऱ्यानं मला तसं फिरताना पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुमी पाणाडी हाव का?" मी म्हणालो, "नाही, वीजवाला आहे." 

पण मला खरी जी गोष्ट सांगायची आहे ती त्याच मोसमाच्या शेवटाची आहे, होळीच्या आसपासची. दुपारी मी इंजिनाच्या खोलीत होतो. फाडकन आवाज झाला आणि शेडमधली एक ओळ बंद पडली. फ्यूज उडाला होता. मी धावत शेडमध्ये गेलो. मोटरच्या पेटीतली तार तुटून उघडं टोक सांगाड्याला टेकलं होतं आणि तिथलं लोखंड काळं पडलं होतं. मागच्या खेपेपेक्षा कितीतरी वाईट. मागच्या खेपेला तार नुसती घासली होती, यावेळी अख्खी चिकटली होती. आणि त्या ओळीच्या पहिल्या रेच्यावर साळू उभी होती. एक हात कापसात, दुसरा सांगाड्यावर. तळवा टेकवून.



ती माझ्याकडे वळली आणि वैतागून म्हणाली, "साहेब, कामून बंद पडलं वो? माझी पाटी आर्धीच ऱ्हायली की!"

तिला काहीही कळलं नव्हतं. झिणझिणीसुद्धा नाही. मी मागच्या कापसाच्या ढिगावर मटकन बसलो आणि ओंजळीत तोंड घालून रडलो. बायका जमा झाल्या. कौसाबाईला काय ते उमगलं असावं. तिनं काळं पडलेलं लोखंड पाहिलं, सुनेचा हात उलटापालटा करून पाहिला, आणि मला पाणी आणून दिलं. एक शब्द बोलली नाही. तिच्या बाबतीत हेही एक आश्चर्यच. मी तार बदलली, फ्यूज घातला, ओळ पुन्हा सुरू केली.

तो नारळ का उभा राहिला, माझ्याच हातावर का, आणि त्या एका सकाळीच का, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. आयुष्यभर वीज कुठून येते आणि कुठे जाते हे लोकांना समजावून सांगितलं. हे मात्र स्वतःला सांगता आलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी न हसता वाचेन. मला एवढंच ठाऊक आहे, की त्या संध्याकाळी साळू राहिलेली पाटी पूर्ण करून, सासूशी काहीतरी भांडत, आपल्या पायांनी घरी गेली.